डाळीचं पाणी

पळसटाकळी,
पोस्ट पिंपळगाव राजा, जि. बुलढाणा
रविवार, २९ नोव्हेंबर १९६४

ती. सौ. अक्कास,

शरयूचा नमस्कार.

तुझी तीन पत्रं आणि मेतकुटाचा डबा मिळाला. माझ्या कार्डांवर ‘खुशाल आहे’ याखेरीज काही नसतं अशी तुझी तक्रार आहे आणि ती बरोबर आहे. आज दवाखान्याला सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कामाचं, कारण भाऊजींनी विचारलं आहे. माणिकराव नावाचे एक गृहस्थ आसपासच्या वस्त्यांत घरोघर फिरतात. ज्याला ताप असेल त्याच्या बोटातून रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घेतात. मी ती काच रंगात बुडवते, पाण्याने धुते, वाळवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिच्यात हिवतापाचे जंतू शोधते. जंतू दिसले, तर डॉक्टरसाहेब गोळ्या देतात. दिवसाला चार-पाच काचा येतात. गावात मला ‘काचवाल्या बाई’ म्हणतात. नाव कुणाला माहीत नसावं.

राहण्याचं ठीक आहे. पुंजाजी आणि कौशल्याबाई म्हणून भाजीपाला पिकवणारं कुणबी कुटुंब आहे, त्यांच्या घराच्या दोन खोल्या मला मिळाल्या आहेत. दर आठवड्याला वांगी-मिरची पिंपळगावच्या बाजाराला नेतात. मुलगा मलकापूरला कापसाच्या जिनात कामाला असतो. सून चांगुणा इथेच आहे. तिला पाचवा महिना आहे आणि पंधरा दिवसांपासून एकाआड एक दिवस थंडी वाजून ताप येतो. तिची काच मी दोनदा पाहिली. साफ आहे.

इथे अडचण एकच आहे, आणि ती हसण्यासारखी आहे. माझी डाळ शिजत नाही. ऑगस्टमध्ये तासाभरात व्हायची. दिवाळीनंतर दोन तास दहा मिनिटं उकळूनही दाणा अख्खाच राहतो. मी पद्धतशीर शोध घेतला. पहिल्या आठवड्यात डाळ बदलली, पिंपळगावच्या बाजारातून आणवली. दुसऱ्या आठवड्यात पितळी पातेल्याऐवजी मातीचं मडकं घेतलं. तिसऱ्या आठवड्यात डाळ आदल्या दिवशी भिजत घातली. चौथ्या आठवड्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांऐवजी बाभळीचं लाकूड जाळलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आम्हाला शिकवलेला नियम. निष्कर्ष काही निघाला नाही. सध्या मेतकूट-भात खाते. तुझा डबा वेळेवर आला.

कुणी येतं-जातं का, असं तू विचारलंस. नाही. मीही कुणाकडे जात नाही. पाणी उकळून पिते, प्रकृती सांभाळते. काळजी नसावी.

आता बदलीचं. सांगलीच्या सिव्हिलमध्ये जागा होते आहे आणि भाऊजींनी माझ्या अर्जासाठी खटपट केली, याबद्दल त्यांची आभारी आहे. मला ३१ जानेवारीपर्यंत होकार कळवायचा आहे. होकार देईन असंच धरून चला. अर्ज का केला याला विशेष कारण नाही. सांगली तुमच्याजवळ, एवढंच.

थंडी पडली आहे. पांघरूण पुरेसं आहे.

शरयू



पळसटाकळी
रविवार, १३ डिसेंबर १९६४

ती. सौ. अक्कास,

नमस्कार. पंधरवड्यात दुसरं पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहिते की मी बरी आहे आणि माझी डाळ शिजली.

कशी, ते सांगते. बुधवारी संध्याकाळी चुलीपुढे बसले होते. कौशल्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चार महिन्यांत त्या माझ्या खोलीत आल्या नव्हत्या. अंगणातून बोलायच्या, तेही भाड्यापुरतं आणि दुधापुरतं. आत आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “दोन तासापासून धूर पाह्यून राह्यली मी. काय शिजवून राह्यल्या व बाई, डाळ का गोट्या?”

मी सांगितलं की डाळीत काहीतरी दोष आहे. त्यांनी पळीने दाणा काढला, चिमटीत दाबला, मग माझ्या कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं.

“हे आंगनातल्या इहिरीचं व्हय?”

मी हो म्हटलं.

“ह्या पान्यानं भांडे घासा, ढोरं धुवा. डाळ याच्यात जलमभर शिजत नाई. खारं पानी हाय हे.”

अक्का, मी डाळ बदलली, भांडं बदललं, लाकूड बदललं. पाणी बदलायचं मला सुचलं नाही. आपण कृष्णेच्या काठी वाढलो. पाणी म्हणजे पाणी, त्यात बदलण्यासारखं काय असतं? शिवाय अंगणातल्या विहिरीत माणिकराव दर आठवड्याला माझ्यासमोर औषधाची पावडर टाकतात. ती विहीर शुद्ध आहे हे मला पक्कं माहीत होतं. तिचं पाणी गोडं नाही, हे गावातल्या सात वर्षांच्या पोरीला माहीत होतं. पावसाळ्यात विहीर भरलेली होती, तेव्हा खार कमी होता. पाणी उतरलं तसा तो वाढला.

इथे प्रत्येक घरात चुलीजवळ एक लहान हंडा वेगळा झाकून ठेवलेला असतो. मी तो पहिल्याच आठवड्यात पाहिला होता. तो देवाचा असावा असं ठरवलं होतं. तो डाळीचा हंडा आहे. गावाबाहेर महादेवरावांच्या मळ्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, अर्ध्या मैलावर. बायका सकाळी जाऊन पिण्याचं आणि डाळीचं पाणी तिथून आणतात. मी रोज त्यांना जाताना पाहत होते.

कौशल्याबाईंनी आपल्या हंड्यातलं पाणी आणून माझ्या पातेल्यात ओतलं. डाळ नवी घातली. अडतीस मिनिटांत शिजली. त्या तोवर बसून राहिल्या.

मी विचारलं की हे मला आधी कुणी का सांगितलं नाही. त्या म्हणाल्या की पहिल्या दिवशी त्या सांगायला आल्या होत्या. मी त्यांना मध्येच थांबवून म्हटलं होतं, ‘पाण्याचं मी पाहीन, मी उकळून घेते.’ मला आठवतं. असंच म्हटलं होतं.

त्यानंतर त्या जे बोलल्या ते मी तुला तसंच लिहिते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

“तुमी चार महिन्यात कोनाच्या घरी विरजनालेबी आल्या नाई. आमाले वाटलं, बामनाची बाई हाय, आमच्या घरचं चालत नसन. मंग कायले तोंड घालाव?”

मला सोवळं-ओवळं काही नाही, हे तुला माहीत आहे. मला फक्त कुणाचं ओझं नको होतं. पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. या गावात ज्याच्याकडे मागायला जातात तो आपला. विरजण, विस्तव, चाळणी, सुई. काही मागायला न येणारं माणूस एक तर गर्विष्ठ असतं किंवा पाहुणं. मी चार महिने दोन्ही होते.

गुरुवारी सकाळी मी वाटी घेऊन त्यांच्या दारात गेले आणि विरजण मागितलं. शेजारच्या सरस्वतीबाई तिथे बसल्या होत्या, सत्तरीच्या. त्या कौशल्याबाईंना म्हणाल्या, “आली का व तुह्यी काचवाली जमिनीवर?” सगळ्या हसल्या. मला राग आला नाही. दही छान लागलं. आता सकाळी बायकांबरोबर मळ्यातल्या विहिरीवर जाते. हंडा डोक्यावर घेता येत नाही, कमरेवर घेते. त्यावरही हसतात. चांगुणाने मला हंड्याखाली डोक्यावर ठेवायला चुंबळ करून दिली आहे.

चांगुणाला शनिवारी, ५ तारखेला, दुपारी पोटात कळा आल्या होत्या. डॉक्टरसाहेबांनी तिला आडवं ठेवलं. थांबल्या. गुरुवारपासून तिला हिवतापाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत.

त्या गोड्या पाण्यामुळे आणखी एक गोष्ट उघडकीला आली. ती लिहायला मला थोडा वेळ दे. सांगलीचा होकार अजून पाठवलेला नाही. पाठवायचा की नाही असा प्रश्न नाही. घाई आहे की नाही एवढाच आहे.

शरयू



पळसटाकळी
रविवार, १७ जानेवारी १९६५

ती. अक्कास,

तुझं पत्र आलं. ‘काय उघडकीला आलं ते लिही, नाही तर मी गाडीत बसते,’ असं तू लिहिलंस. लिहिते. क्रमाने लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

काच धुण्यासाठी आम्हाला खामगावहून डिस्टिल्ड वॉटर येतं. ऑक्टोबरात रस्ता खचला आणि गाडी बंद झाली. २० तारखेला शेवटची बाटली संपली. मी अंगणातल्या विहिरीचं पाणी उकळलं, गाळलं आणि वापरायला लागले. माझ्या मते ते शुद्ध होतं.

पाण्यात खार असला की काचेवर लाल रंग बसत नाही, सगळं निळसर होतं. जंतूची खूण म्हणजे निळ्या कड्याजवळचा एक बारीक लाल ठिपका. तो ठिपकाच दिसेनासा होतो. काचा निळ्या येत आहेत हे मी पाहत होते. रंग जुना झाला असेल असं मी ठरवलं. डाळीसारखंच.

कौशल्याबाई डाळ शिजवून गेल्या, त्यानंतर मी दवाखाना उघडला. कपाटात लिटमसचे कागद होते. सप्टेंबरपासून होते. तांबडा कागद अंगणातल्या पाण्यात धरला. तीन सेकंदांत निळा झाला. दुसऱ्या दिवशी गोडं पाणी गाळून घेतलं, चांगुणाच्या बोटातून पुन्हा थेंब घेतला, काच रंगवली. पहिल्याच नजरेत जंतू दिसले. मोजायची गरज नव्हती.

तिच्या दोन काचा मी ‘साफ’ लिहिल्या होत्या, १४ आणि २३ नोव्हेंबरला. पोटुशीला कडू गोळ्या नकोत असं घरचं म्हणणं होतं, आणि काच साफ म्हणून डॉक्टरसाहेबांनी आग्रह धरला नाही. त्या कळा माझ्या त्या दोन सह्यांमुळे आल्या होत्या. मागचं पत्र लिहिताना मला हे माहीत होतं. तुला मी ‘गोळ्या सुरू केल्या आहेत’ एवढंच लिहिलं.

डॉक्टरसाहेबांना त्याच दिवशी सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत. ओरडले नाहीत. २० ऑक्टोबरपासूनच्या एकशे शहाऐंशी जणांच्या काचा पुन्हा घ्या म्हणाले, पण कारण सांगू नका. काचेवरचा लोकांचा विश्वास उडाला तर पुढे कुणी बोट देणार नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि माझ्या टेबलावर सांगलीचा कागद होता. सही केली असती तर महिन्याभरात मी कृष्णाकाठी असते, आणि इथे कुणाला काही कळलं नसतं. तीन दिवस मी तो कागद ड्रॉवरमधून काढत होते आणि ठेवत होते.

शेवटी १४ डिसेंबरला, तुला पत्र टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी कौशल्याबाईंना सांगितलं. त्या अंगणात मिरच्या निवडत होत्या. उभ्यानेच सांगितलं. पाणी, रंग, दोन काचा, चांगुणाचा ताप, सगळं. माझा आवाज नीट होता.

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “पह्यल्याच दिशी मी सांगाले आलती. तू मले बोलू देल्लं नाई. तोंड होतं ना तुले? मंग पुसलं काऊन नाई?”

तोवर त्या मला ‘तुमी’ म्हणायच्या.

तुझी आठवण झाली. निघायच्या दिवशी तू म्हणाली होतीस, ‘तुझं कुणावाचून अडत नाही शरू, पण कधी अडलंच तर तोंड उघड.’ मला तो टोमणा वाटला होता. म्हणूनच तुला स्टेशनवर येऊ दिलं नाही.

पुढचे चार दिवस त्या घरातून माझ्याकडे कुणी आलं नाही. दूध माझ्या उंबऱ्यावर ठेवलेलं असायचं. विहिरीवर मी गेले की बोलणं थांबायचं. माझी मी गेले, माझी मी आले. मी सकाळी दवाखाना सांभाळायची आणि दुपारी माणिकरावांबरोबर काचा घेत फिरायची. प्रत्येक दारात सांगायची की मागची काच माझ्या चुकीने वाया गेली, पुन्हा थेंब द्या. डॉक्टरसाहेबांना आधी कळवलं होतं की मी सांगणार आहे. ते म्हणाले, मग नीट सांगा.

लोकांनी काय केलं म्हणतेस? बोटं दिली. कुरकुर केली, टोमणे मारले आणि बोटं दिली. सरस्वतीबाई म्हणाल्या, “आमचं रगत काय इहिरीचं पानी हाय, घडी घडी काढाले?” असं म्हणून हात पुढे केला, आणि टोचल्यावर मलाच म्हणाल्या, “दचकू नको.” एका घरी मला ज्वारीचा हुरडा खायला बसवलं. एका घरी बाई दार लावून घेत होती, तिला माणिकरावांनी सांगितलं की ही स्वतः येऊन चूक कबूल करते आहे, आजवर कोणता सरकारी माणूस आला होता असा? ते ऐकून मी खाली पाहिलं. माणिकराव माझ्यामुळे दीडशे घरं दुसऱ्यांदा फिरले आहेत. एकदाही बोलून दाखवलं नाही.

आजपर्यंत एकशे त्रेसष्ट काचा झाल्या. त्यांत सहा जणांना जंतू निघाले. सहाही जण गोळ्या घेऊन बरे आहेत. तेवीस माणसं जिनात, बाजारगावी, लेकीकडे अशी पांगली आहेत. ती राहिली आहेत.

पाचव्या दिवशी, १९ डिसेंबरला सकाळी, कौशल्याबाई दारात आल्या. हातात वाटी होती.

“विरजन हाय काय व तुह्याजवळ? आमचं बिघडलं.”

अक्का, त्यांच्याकडे दोन म्हशी आहेत. पहाटेच त्यांच्या घरातून ताक घुसळल्याचा आवाज मी ऐकला होता. आणि माझं विरजण म्हणजे मुळात त्यांच्याच घरचं. माझ्या दह्यातले दोन चमचे मी त्यांच्या वाटीत घातले. त्यांनी वाटीत पाहिलं आणि म्हणाल्या, “एवढंसंच? हात मोकळा ठेव माय.” मी आणखी एक चमचा घातला. वाटी पदराखाली झाकून त्या गेल्या. दुपारी चांगुणा येऊन माझ्या पलंगावर आडवी झाली, जणू रोजच होते.

तिचा ताप गोळ्या सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी गेला तो परत आला नाही. परवा, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, डॉक्टरसाहेबांनी तिच्या पोटाला नळी लावली आणि ती मला कानाला लावायला दिली. मी घड्याळ हातात घेतलं. बाळाचे ठोके मिनिटाला एकशे चव्वेचाळीस. पुन्हा मोजले, तेवढेच भरले. चांगुणा विचारत होती, काय ऐकू येऊन राह्यलं? सगळं बरोबर आहे, एवढं म्हणाले.

आता सांगलीचं. मी काल नकार कळवला. भाऊजींनी माझ्यासाठी लोकांच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांना वाईट वाटेल. त्यांना मी वेगळं पत्र लिहिते आहे. तेवीस काचा बाकी आहेत, असं कारण नकाराच्या पत्रात दिलं आहे. ते खरं आहे, पण त्या महिन्याभरात संपतील. त्यानंतरही मला इथे राहायचं आहे. या लोकांनी मला ठेवून घेतलं आहे, आणि ठेवून घ्यावं असं मी काही केलेलं नाही.

तसंच तूही ठेवून घेतलं होतंस. आई गेली तेव्हा तू सातवीत होतीस आणि शाळा सोडलीस. माझी वेणी, माझा डबा, माझी फी, माझा मिरजेचा अभ्यासक्रम. यातलं मी काहीच मागितलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. न मागता मिळालं त्याचे आभार मानावे लागत नाहीत असा माझा समज होता. मी तपासून पाहिलेला नव्हता. आज पाहिला. चूक होता. अक्का, मी तुझी ऋणी आहे, आणि मला त्याचं ओझं वाटत नाही.

एक मागते. जुलैत तू माझ्या वळकटीत आईच्या लुगड्यांची गोधडी बांधली होतीस. मी ती तुझ्यासमोर काढून ठेवली आणि म्हटलं की मला काही लागणार नाही. तू ती घडी करून उचललीस. ‘पांघरूण पुरेसं आहे’ असं नोव्हेंबरात लिहिलं ते खोटं होतं. डिसेंबरभर मी दोन लुगडी अंगावर घेऊन निजले. आता कौशल्याबाईंनी आपली वाकळ दिली आहे, म्हणजे निभतं.

ती गोधडी मला हवी आहे. टपालाने पाठवू नकोस. चांगुणाचं बाळंतपण फाल्गुनात आहे, तेव्हा तू घेऊन ये. पुण्यावरून कल्याणला ये, तिथून नागपूरकडची गाडी घे आणि मलकापूरला उतर. मी फलाटावर उभी असेन. कौशल्याबाईंना मी सांगून टाकलं आहे. त्यांनी तुझ्याबद्दल पहिला प्रश्न विचारला तो असा: “तुह्या बहिनीले तरी डोक्यावर हंडा घेता येते काय?”

फाल्गुनात इथे ऊन तापलेलं असेल. पांघरायला काही लागणार नाही. तरी आण.

तुझी वाट पाहणारी, आणि तुझ्याकडे मागणारी,
शरू